वाचकांचे प्रश्न : झिरपणारा पेला आणि लाल मातीची चहादाणी

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त जपानमध्ये नागोयाला असते. दिवाळीला येताना तिने माझ्यासाठी हागी येथील एका कुंभाराच्या हातचा चहाचा पेला आणि तोकोनामे येथील लाल मातीची, बाजूला मूठ असलेली चहादाणी आणली. पेला गुलाबीसर पांढरा असून त्याच्या झिलईवर पहिल्या दिवसापासून बारीक रेषांचे जाळे होते. चार महिने रोज वापरल्यावर त्या रेषा तपकिरी झाल्या आहेत आणि पेला टेबलावर ठेवला की खाली ओलसर वर्तुळ उमटते. तळाच्या कडीला एक खाचही आहे. माझ्या यजमानांच्या मते माल सदोष निघाला. मुलीला सांगावे की नाही, या विचारात मी आहे.
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, पेला फुटका नाही. मुलीला काही कळवायचेच असेल, तर पेला आता रुळू लागला आहे एवढेच कळवावे.

आपल्या घरात पाण्याचा माठ आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी या दोन्ही वस्तू असतील. माठ कमी आचेवर भाजलेला असतो, त्यामुळे त्याच्या मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात, पाणी पाझरते आणि त्या पाझरण्यामुळेच ते गार होते. बरणी मात्र इतक्या तीव्र आचेत भाजलेली असते की तिची माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि वर्षभर मीठ, तेल, आंबट आत राहूनही बाहेर एक थेंब येत नाही. हागीचा पेला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. तेथील कुंभार दाइदो नावाची भरड, फिकट माती मुख्यत्वे वापरतात, तिच्यात गरजेप्रमाणे मिशिमा बेटावरची लोहयुक्त माती मिसळतात आणि मातीची छिद्रे पूर्ण बुजणार नाहीत अशा बेताने भाजतात. म्हणूनच हा पेला हातात मऊ लागतो आणि चहाची ऊब तळहाताला हळूहळू पोहोचवतो. झिरपणे हे त्याच गुणाचे दुसरे अंग आहे.

रेषांचे कारणही साधे आहे. भट्टी थंड होताना माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. झिलई अधिक आकसते, तिच्यावर ताण येतो आणि ती केसासारख्या रेषांनी तडकते. जपानी भाषेत या जाळीला कान्न्यू म्हणतात. चहा या रेषांतून आत शिरतो आणि मातीला हळूहळू रंग देतो. हा बदल तिथे इतका मानाचा आहे की ‘हागीची सात रूपे’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. त्यातला सात हा आकडा मोजण्याचा नसून ‘अनेक’ या अर्थाचा आहे. चहाच्या जाणकारांमध्ये ‘पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सू’ अशी पेल्यांची क्रमवारीही जुन्या काळापासून बोलली जाते; राकू आणि कारात्सू हेही जपानी पेल्यांचेच प्रकार आहेत.

तळाच्या कडीवरची खाच कुंभाराने मुद्दाम कापलेली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिथून आणलेल्या कुंभारांनी मोरी घराण्याच्या आश्रयाने हागीच्या भट्ट्या सुरू केल्या, आणि कापलेल्या कडीची रीत कोरियन पेल्यांतही आढळते. पेला पालथा करून ही कडी जरूर पाहा. झिलईखाली न झाकलेली माती, सुरीची धार कुठे थांबली आणि कुठे घसरली, हे सगळे तिथे उघडे असते. चहाचा पेला पारखणारा माणूस आतला चहा संपला की तळ पाहतो, तो याचसाठी.

तरीही यजमानांची शंका एका बाबतीत रास्त आहे, कारण खरा तडा आणि झिरपणे यांतला भेद ओळखता आला पाहिजे. पेला कोमट पाण्याने भरून कोरड्या कागदावर तासभर ठेवावा. कागदावर सर्व बाजूंनी सारखी ओल आली, तर माती झिरपते आहे; एकाच ठिकाणाहून थेंब आला किंवा एकाच रेषेवर ओल दिसली, तर तो तडा असू शकतो. बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची आपली बाजारातली पद्धत इथे फसवते, कारण हागीची माती धडधाकट असतानाही बद्दच वाजते.

झिरपणे कमी करायचे असेल तर तांदळाचा उपाय करावा. तांदूळ धुतलेले दाट पाणी किंवा अगदी पातळ पेज एका मोठ्या पातेल्यात घेऊन पेला त्यात पूर्ण बुडवावा, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे तापवावा आणि पाणी पूर्ण गार होईपर्यंत बाहेर काढू नये. तांदळाचा स्टार्च छिद्रांत बसतो. मात्र हे राकूच्या पेल्याला कधीही करू नये. तो आणखी मऊ भाजलेला असतो आणि त्याला उकळी सोसत नाही. रोजच्या वापरात, चहा ओतण्यापूर्वी पेला दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, म्हणजे छिद्रे आधी पाण्याने भरतात आणि डाग एका जागी न पडता रंग सावकाश व सारखा चढतो. साबण, घासणी आणि मायक्रोवेव्ह यांपासून पेला दूर ठेवावा.

वडोदऱ्यातील पावसाळ्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. मी स्वतः एकदा ओलसर राहिलेला पेला आषाढात कपाटात बंद केला आणि दोन आठवड्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा तळाच्या कडीवर काळी बुरशी धरली होती. तो वास पुढे महिनाभर गेला नाही. माती वरून कोरडी वाटली तरी आत पाणी धरून ठेवते. या ऋतूत पेला धुतल्यावर पालथा न घालता आडवा, हवेशीर सावलीत निदान तीन-चार दिवस ठेवावा आणि मगच झाकून ठेवावा.

प्रश्न : अशा लाल चहादाणीत आपला दूध, साखर, आले घातलेला चहा करता येईल का? आणि मूठ बाजूला का असते?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : कृपया करू नये. तोकोनामेची ही चहादाणी, म्हणजे क्यूसू, आतून-बाहेरून बिनझिलईची असते. दुधाचा स्निग्धांश आणि साखर तिच्या अंगाला धरतात आणि तो वास नंतर जात नाही. गॅसवर ठेवल्यास ती तडकेल हे तर उघडच आहे. आपल्या चहाला उकळी लागते आणि त्यासाठी आपले पातेलेच योग्य आहे. क्यूसू हिरव्या चहासाठी घडवलेली आहे. सेंचा हा हिरवा चहा करताना उकळलेले पाणी आधी पेल्यांत ओतून ७०–८० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे, मग ते चहादाणीत घालून मिनिटभर थांबावे आणि शेवटचा थेंब उतरेपर्यंत ओतावे. आत पाणी राहिले तर पुढचा चहा कडवट होतो. अशा लहान चहादाणीत दोन-तीन पेल्यांचाच चहा होतो. ती एका हातात धरून, त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण दाबून मनगट वळवले की चहा ओतला जातो, म्हणून मूठ तोटीच्या काटकोनात असते. डावखुऱ्यांसाठी उलट बाजूला मूठ असलेल्या चहादाण्याही करतात.

माझ्या मते चांगली चहादाणी घडवणे पेल्यापेक्षा अवघड आहे. पेला एका बैठकीत चाकावर उभा राहतो. चहादाणीचे पोट, तोटी, मूठ आणि झाकण वेगवेगळे घडवावे लागतात, चारही भाग सारखे वाळले असताना जोडावे लागतात, आणि तोटीच्या मुळाशी मातीचीच बारीक जाळी बसवावी लागते, जिची छिद्रे कुंभार हाताने पाडतो. भाजल्यावर झाकण आणि तोंड एकमेकांवर बारीक वाळूसारख्या भुकटीने घासून मिळवतात. झाकणावरच्या छिद्रावर बोट ठेवून ओतून पाहावे. धार थांबली, तर ते घासकाम नीट झाले आहे. चिनी यीशिंग चहादाण्यांच्या प्रभावातून एकोणिसाव्या शतकात तोकोनामेत ही लाल मातीची परंपरा उभी राहिली, आणि या कलेसाठी यामादा जोझान हे नाव धारण करणारे तिसरे कुंभार (१९२४–२००५) यांना १९९८ मध्ये जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. आज तिथले कुंभार लाल मातीवर समुद्री शेवाळ गुंडाळून भाजतात, तेव्हा शेवाळाच्या जागी काळसर रेघा उमटतात. आपल्या चहादाणीवर तशा रेघा असतील तर त्या घासून काढू नयेत.

प्रश्न : मी ललित कलेची विद्यार्थिनी आहे. आजचे जपानी कुंभार जुनेच आकार गिरवतात, असे वर्गात कोणी म्हटले. ते खरे आहे का? आणि हाताने केलेल्या पेल्याची किंमत इतकी का असते?
— एक वाचक, फतेगंज, वडोदरा

उत्तर : काही गिरवतात, हे खरे आहे. पण आकार जुना असणे आणि काम जुने असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. क्योतोच्या राकू घराण्यात सोळाव्या शतकातील चोजिरोपासून पेला चाकावर न फिरवता हाताने उभारण्याची रीत आहे, आणि चहाचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या दृष्टीतून ते काळे, शांत पेले आले. त्याच घराण्याच्या पंधराव्या पिढीतील किचिझाएमोन (जन्म १९४९) यांनी पेल्याच्या भिंती सुरीने तासून असे कडे-कपारींचे आकार आणले की पहिल्या नजरेत तो पेला वाटत नाही, आणि तरीही हातात घेतला की बरोबर बसतो. २०१९ मध्ये त्यांनी घराण्याची गादी मुलाकडे सोपवली. शिगाराकी या कुंभारांच्या गावात कोयामा कियोको यांनी, भट्टीचे काम पुरुषांचेच मानले जात होते त्या काळात, लाकडाच्या भट्टीतील नैसर्गिक राखेची झिलई स्वतःच्या हिमतीवर साध्य केली. आणि नारा प्रांतातले त्सुजिमुरा शिरो (जन्म १९४७) कोणत्याही घराण्यातले नाहीत. चित्रकार व्हायला निघालेला हा माणूस तोक्योच्या लोककला संग्रहालयात कोरियातील अनाम कुंभाराचा, इदो या प्रकारचा एक जुना पेला पाहून कुंभारकामाकडे वळला आणि गुरूशिवाय शिकला. मला या तिघांत त्सुजिमुरा यांचे पेले सर्वांत जवळचे वाटतात.

तुमच्या पिढीने एक सावधगिरी बाळगावी. अलीकडे वाकडा, खडबडीत पेला म्हणजे जपानी पेला अशी समजूत पसरली आहे आणि मुद्दाम चेपलेले पेले त्या नावाने विकले जातात. आचेने किंवा मातीच्या ओढीने आलेला वाकडेपणा ओठाला आणि बोटांना त्रास देत नाही. मुद्दाम आणलेला देतो. तुमच्याच विद्याशाखेत अनेक वर्षे शिकवलेल्या ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांची भांडी पाहायला मिळाली तर हा फरक मिनिटात कळेल. त्यांच्या स्टोनवेअरच्या, म्हणजे तीव्र आचेत भाजलेल्या घट्ट मातीच्या भांड्यांच्या, मंद झिलईत आणि गोलाईत कुठेही दिखावा नाही.

किमतीचे उत्तर भट्टीत आहे. जपानमधल्या बिझेनचे कुंभार झिलई लावतच नाहीत. पाइनचे लाकूड दहा दिवस ते दोन आठवडे रात्रंदिवस घालत राहतात, आणि अनेक जण वर्षातून एकदा-दोनदाच भट्टी लावतात. राख कुठे पडेल, ज्वाळा कुठे चाटून जाईल यावर पेल्याचा रंग ठरतो, आणि प्रत्येक भट्टीत काही भांडी फुटतात, काही टाकून द्यावी लागतात. उरलेल्या पेल्याच्या किमतीत ते सगळे लाकूड, ते जागरण आणि ती फुटलेली भांडीही असतात.

प्रश्न : पेल्याबरोबर आलेली साधी लाकडी पेटी फेकून द्यावी का? आणि पेल्याचा काठ उडाला तर काय चिकटवावे?
— एक वाचक, प्रतापगंज, वडोदरा

उत्तर : पेटी मुळीच फेकू नये. ती किरी नावाच्या हलक्या लाकडाची असते, आणि झाकणावर कुंभाराने स्वतःच्या हाताने पेल्याचे व स्वतःचे नाव लिहून शिक्का मारलेला असतो. पेला कोणाचा, हे सांगणारा पुरावा तोच. अक्षरावर पाणी पडू देऊ नये.

काठ उडाल्यास घरातला गोंद किंवा इपॉक्सी लावून त्यातून चहा पिऊ नये. किन्त्सुगी, म्हणजे फुटलेले भांडे सोनेरी सांध्याने जोडण्याची जपानी कला, या नावाने मिळणाऱ्या स्वस्त संचांतही बहुधा इपॉक्सी आणि सोनेरी रंगच असतो. खरी किन्त्सुगी उरुशी या झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेने होते; ती दमट हवेत कित्येक आठवडे सावकाश घट्ट होते, आणि शेवटच्या हातावर सोन्याची भुकटी बसते. कच्च्या उरुशीने अनेकांच्या त्वचेवर तीव्र पुरळ उठते, त्यामुळे हे काम शिकल्याशिवाय हाती घेऊ नये. तोपर्यंत उडालेला प्रत्येक तुकडा, अगदी नखाएवढा असला तरी, कडा एकमेकांवर न घासता वेगवेगळ्या कागदात गुंडाळून त्याच पेटीत ठेवावा.