'तालुक्याला लस मीच आणली' असं आमदारांच्या 2021 च्या कार्य अहवालात छापलंय. आमदार निधीतून लस आणता येत होती का?

नाही, सरकारी केंद्रावर मोफत मिळालेली लस आमदारांनी आणलेली नव्हती. 21 जून 2021 पासून देशातल्या उत्पादनाच्या 75 टक्के लस केंद्र सरकार घेऊन राज्यांना देत होतं. राज्याकडून ती जिल्ह्याला आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजपर्यंत जायची. कोविशिल्डच्या एका कुपीत 10 डोस, तापमान 2 ते 8 अंश. कुणाच्या गाडीत टाकून आणायची ती वस्तूच नव्हे. आमदार फार तर गावाला जादा डोस द्या म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या मागे लागू शकत होते. तेही काम असतं, पण 'मीच आणली' म्हणण्याइतकं नाही.

निधीचा प्रश्न वेगळा. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधीतले 1 कोटी रुपये कोविडवर खर्च करायची मुभा दिली होती. त्यामुळे अहवालात रुग्णवाहिका किंवा ऑक्सिजनची सोय लिहिली असेल, तर ती खरी असू शकते. खर्चाचा हिशेब जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयात माहिती अधिकारात मागता येईल.

अपवाद एकच: उरलेली 25 टक्के लस खासगी रुग्णालयांसाठी होती. जून 2021 च्या दरांनुसार कोविशिल्ड जास्तीत जास्त 780 रुपये, कोव्हॅक्सिन 1410. ती पदरच्या पैशांनी घेऊन काही नेत्यांनी मोफत शिबिरं भरवली. तुमच्याकडे तसं झालं असेल, तर प्रमाणपत्रावर लसीकरणाचं ठिकाण म्हणून बहुधा खासगी रुग्णालयाचं नाव दिसेल.