‘उद्या येतो’ म्हणणाऱ्यासाठी वस्तू अडवू नका

ताई, जुन्या वस्तू ऑनलाइन विकायला काढल्या की ‘अजून आहे का?’ एवढं विचारून गप्प होणारे खूप भेटतील, मनाला लावून घेऊ नका. मी मुलाची सायकल एकासाठी तीन रविवार अडवून ठेवली. तो फिरकलाच नाही, आणि तेवढ्यात दोन खरी गिऱ्हाइकं हातची गेली. तेव्हापासून सरळ लिहिते, ‘आज सातपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्याला देते.’ आठवण एकदाच करायची, मागे लागायचं नाही. दोनशे रुपये टोकन मागितलं की खरा घेणारा कोण ते कळतं. मात्र पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. आणि फोटोत गंजलेली चेनही दाखवा, म्हणजे दारात येऊन कोणी परत जात नाही.