कुमारिका, रक्तसाक्षी आणि सिसिलियाचा ऑर्गन

प्रश्न : संत सिसिलियाला चरित्रात 'कुमारिका व रक्तसाक्षी' म्हटलंय आणि लगेच 'तिचा पती वालेरियन' असंही येतं. यात चूक आहे का? रक्तसाक्षी म्हणजे हुतात्माच ना? आणि ती खरंच ऑर्गन वाजवायची?

चूक नाही. मूळ लॅटिन शब्द 'विर्गो'. चर्चच्या परिभाषेत तो लग्नाशी नाही, व्रताशी जोडलेला आहे. सिसिलिया रोमच्या कायकिली या खानदानी घराण्यातली. कथेनुसार घरच्यांनी तिचं वालेरियनशी लग्न लावलं. त्याच रात्री तिनं त्याला आपलं ब्रह्मचर्याचं व्रत सांगितलं. त्यानं पोप उर्बनकडून बाप्तिस्मा घेतला आणि व्रताचा मान राखला. घोटाळा होतो तो 'कुमारी' लिहिल्यावर, कारण 'कु.' म्हणजे मराठीत सरळ अविवाहित. म्हणून 'कुमारिका'च ठेवावं.

'हुतात्मा' चुकीचा नाही, पण त्यात आहुती आहे, साक्ष नाही. ग्रीक 'मार्तिस' म्हणजे साक्षीदार. मराठी ख्रिस्ती लेखनातला 'रक्तसाक्षी' तो अर्थ नेमका धरतो, शिवाय तो, ती, ते सगळ्यांना तसाच चालतो. वसईचे गोन्सालो गार्सिया (नागासाकी, १५९७) रक्तसाक्षी, तशीच सिसिलियाही.

तिच्याबद्दल 'शिरच्छेद झाला' असं सर्रास लिहितात, ते मात्र टाळा. कथेत अल्माकियस या अधिकाऱ्यासमोर ती श्रद्धा सोडायला नकार देते. मग तिला घरच्याच स्नानगृहात कोंडून वाफेनं मारायचा प्रयत्न होतो, तो फसतो. पुढे मानेवर तीन घाव घालूनही डोकं वेगळं होत नाही; चौथा घाव घालायला कायद्याची मनाई, म्हणून ती तीन दिवस जगते. स्तेफानो मादेर्नोनं १६०० साली घडवलेल्या संगमरवरी मूर्तीत मानेवरची चीर दिसते, डोकं धडालाच आहे. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या तिच्या चर्चमध्ये ती मूर्ती आहे. मात्र ही कथा पाचव्या शतकात लिहिली गेली, घटनेनंतर फार उशिरा. तेव्हा तपशिलांआधी 'कथेनुसार' हवंच.

आता ऑर्गन. कथेतलं वाक्य 'कान्तान्तिबुस ऑर्गानिस' असं सुरू होतं : लग्नात वाद्यं वाजत असताना सिसिलिया मनातल्या मनात फक्त देवासाठी गात होती. म्हणजे वाजवणारे दुसरेच, आणि तिचं लक्ष त्या वाजवण्याकडे नाहीच! 'ऑर्गानुम' म्हणजे कुठलंही वाद्य. पुढे तोच शब्द नळ्यांच्या ऑर्गनला चिकटला. सणाच्या उपासनेतल्या गीतात 'मनातल्या मनात' हे शब्दही गळाले, आणि चित्रकारांनी तिच्या हाती ऑर्गन दिला. संगीताची आश्रयदाती संत ती अशी झाली. राफाएलच्या चित्रात (बोलोन्या) तिच्या हातातला ऑर्गन उलटा झालाय, नळ्या निसटतायत आणि ती वर बघतेय. मूळ वाक्याचा अर्थ त्याला बरोबर कळला होता, असं मला वाटतं.

भाषांतरात 'ऑर्गनच्या सुरांत' नको, 'वाद्यं वाजत असताना' लिहा. नाहीतर मराठी वाचकासमोर नाट्यसंगीतातली पायपेटी उभी राहते.

नावाचा अर्थ कुणी 'स्वर्गातलं लिलीचं फूल' सांगितला तर ती मध्ययुगीन कल्पना आहे. घराण्याचं नाव 'काएकुस', म्हणजे आंधळा, या शब्दावरून आलेलं मानतात. सण २२ नोव्हेंबरला.