काडी लावलीत, आता कळ काढा

प्रश्न (ठाणे) : गुलाबाची काडी लावली की आठ-दहा दिवसांत छान लालसर पालवी येते, मी खूष होते, आणि तिसऱ्या आठवड्यात काडी काळी पडून संपते. पाणी रोज घालते. बुकेमधल्या गुलाबाच्या काड्यापण लावून बघितल्या, तेच. काय चुकतंय?

उत्तर : ताई, पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं अजिबात नसतं. काडीत जे अन्न साठलेलं असतं त्याच्या जोरावर डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फुटतात, ते संपलं की खालून पाणी ओढायला मुळं नाहीत आणि वरची कोवळी पानं तर पाणी उडवत बसलेली, मग काडी मान टाकणारच. त्यात रोज पाणी म्हणजे खालचं टोक कायम चिखलात, तिथे बुरशी धरते आणि काळं तिथूनच वर चढतं. बोट घालून बघा, ओलसर लागलं की त्या दिवशी पाणी नाही.

बुकेतले गुलाब सोडून द्या. ते हायब्रीड, कोल्ड स्टोरेजमधून फिरून आलेले, आपल्या हातात पडेपर्यंत दांडीत फारसा जीव उरलेला नसतो. आणि हायब्रीड काडीवर जगला तरी स्वतःच्या मुळांवर बरेचदा मरतुकडाच राहतो, म्हणून तर नर्सरीवाले जंगली गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, डोळा भरतात, त्यात हायब्रीडचा डोळा बसवतात. तुम्ही गावठी गुलाब घ्या, गुलकंदाचा. ऑक्टोबरात छाटणी होते तेव्हा कुणाकडूनही काड्या मिळतील, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा-आठ इंच, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका. खालची पानं काढा, निदान दोन डोळे मातीत जाऊ द्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू निम्मं निम्मं पुरे, खत बिलकुल नको. लावायच्या त्या ज्यूसच्या पारदर्शक प्लास्टिक ग्लासात, बुडाला भोकं पाडून आणि तो ग्लास दुसऱ्या काळपट डब्यात ठेवून, म्हणजे मधूनच उचलून बघता येतं, पांढरी मुळं ग्लासला टेकलेली दिसली की कुंडीत हलवा. तोवर सावलीत ठेवा आणि काडी उपटून बघण्याचा मोह आवरा, कोवळी मुळं त्यातच तुटतात.

प्रश्न (कोल्हापूर) : रीलमध्ये गुलाबाची काडी बटाट्यात खोचून लावतात. खरंच उपयोग होतो का?

उत्तर : बटाट्याची भाजी करा. मातीत तो सडतो आणि सोबत काडीलाही सडवतो. खर्च करायचाच तर रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या पावडरची, छोटी डबी आणा, आयबीए लिहिलेलं असतं, चिमूटभर कागदावर काढून काडीचं टोक त्यात बुडवा आणि जादाची पावडर झटकून टाका, कारण ते जास्त झालं की उलट मुळं अडतात.

प्रश्न (सातारा) : नर्सरीतून आणलेल्या लाल गुलाबाला बुडातून एकदम जोमदार फांद्या आल्यात, माझ्या उंचीच्या, पण फूल एक नाही. याच फांद्यांच्या काड्या करू का?

उत्तर : अहो थांबा, तो बहुतेक खुंट आहे! बुडाशी डोळा भरल्याची जाड गाठ असते, फांदी तिच्या खालून आली असेल तर ती जंगली गुलाबाची, तुमच्या लालची नाही. सात पानांचं पान म्हणजे जंगली असं सगळे सांगतात पण चांगल्या गुलाबालाही सात येतात, तेव्हा गाठच बघा. माती उकरून ती फांदी मुळापासून ओढून काढा, नुसती कापली तर पुन्हा फुटते आणि वरचा लाल गुलाब उपाशी मरतो.

प्रश्न (नागपूर) : मोगरा आणि अनंत, दोन्हीच्या काड्या मे महिन्यात लावल्या, सगळ्या वाळल्या.

उत्तर : नागपूरच्या मेमध्ये माणूस वाळतो हो, काडीचं काय घेऊन बसलात. पाऊस चांगला लागू द्या. मोगऱ्याला तर काडीची गरजच नाही, लांब फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर. मुळं धरली की आईपासून कापा. जाई-जुईलाही हेच दाब कलम.

अनंताला गुटी बांधा. फांदीची साधारण इंचभर साल गोल काढायची आणि खालचा बुळबुळीत थर सुरीने खरवडायचा, तो राहिला तर साल परत जुळते आणि सगळी मेहनत वाया, बहुतेकांची गुटी इथेच फसते. मग भिजवून पिळलेलं मॉस, म्हणजे सुकं शेवाळ, गुंडाळा, वर प्लास्टिक, दोन्हीकडे घट्ट दोरी. पाणी आतल्या लाकडातून वर चढत राहतं म्हणून फांदी सुकत नाही, पण पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरायचं ते कापाशी अडतं आणि तिथेच मुळं सुटतात. साधारण दीड-दोन महिने लागतात. प्लास्टिकमधून मुळं दिसली की खालून कापा, निम्मी पानं कमी करा आणि कुंडीत.

प्रश्न (वसई) : बियांपासून केलेला सोनचाफा चार वर्षांचा झाला, फूल नाही. काढून टाकू?

उत्तर : जागा असेल तर राहू दे, बियांचा चाफा फुलायला आठ-दहा वर्षंसुद्धा घेतो. फुलं लवकर हवीत तर कलम आणा, ते एक-दोन वर्षांतच फुलायला लागतं. फक्त घेताना कलमाचा जोड दाखवा म्हणावं, बियांचं रोप कलम म्हणून खपवणारेही भेटतात.