जुना सी++ कोड पायथनला जोडावा, की सगळं नव्याने लिहून काढावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वागळे इस्टेटमधली छोटी कंपनी, स्प्रिंगची चाचणी घेणारी यंत्रं बनवता. यंत्राकडून रीडिंग घेणारा आणि हिशेब करणारा सगळा कोड सी++ मध्ये, पंधरा वर्षांपूर्वीचा, आणि लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलाय. ग्राहकांना आता नवे रिपोर्ट आणि आलेख हवेत, म्हणून साहेब म्हणतात, सगळं पायथनमध्ये नव्याने लिहा. जुना कोड तसाच ठेवून पायथनमधून वापरता येईल का, आणि त्यासाठी सीटाइप्स, सायथन, पायबाइंड११ या जोडणीच्या टूलांतलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी रबाळ्याला कारखान्यांच्या ऑटोमेशनमध्ये आहे आणि असले जोड लावणं माझं नेहमीचं काम आहे. जुना कोड वापरता येईल, आणि तोच वापरा. पंधरा वर्षं ग्राहकाकडे चाललेल्या कोडमध्ये लोडसेलच्या, म्हणजे बल मोजणाऱ्या सेन्सरच्या, कितीतरी खोडी सांभाळलेल्या असतात आणि त्या कुठल्याही कागदावर लिहिलेल्या नसतात. नव्याने लिहिताना त्या सगळ्या पुन्हा एकेक करून ग्राहकाच्या जागेवरच सापडतील.

साहेबांना पटवायचं तर एवढं सांगा. आपण रोज वापरतो तो पायथन, म्हणजे सीपायथन, स्वतःच सी भाषेत लिहिलेला आहे. नमपायला, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीला, समीकरणं सोडवायला दिली की तो ते काम लॅपॅक या जुन्या गणिती लायब्ररीकडे सोपवतो. लॅपॅकची पहिली आवृत्ती १९९२ ची आणि मूळ लिखाण फोरट्रानमधलं. टीकेइंटरमध्ये, म्हणजे पायथनच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत, बटण काढलंत तर आत टीसीएल या दुसऱ्याच भाषेचा इंटरप्रिटर चालू असतो. हा टीसीएल जॉन औस्टरहौट यांनी बर्कलीत १९८८ च्या सुमाराला बनवला, तोच मुळी कुठल्याही सी प्रोग्रॅमच्या पोटात बसवता यावा म्हणून. ब्राझीलमध्ये १९९३ ला आलेल्या लुआ भाषेची गोष्टही तीच. म्हणजे तुम्ही जे करू बघताय तो जुगाड नव्हे, या भाषा बऱ्याच अंशी त्यासाठीच बनल्यात.

आता कामाचं. टूलचा विचार नंतर करा, आधी तुमची डीएलएल, म्हणजे सी++ कोडची कंपाइल केलेली लायब्ररी फाइल, ३२ बिटची आहे का ६४ ची ते बघा. पंधरा वर्षांपूर्वीची आहे म्हणजे ३२ ची असण्याचीच शक्यता जास्त. ६४ बिट पायथनमध्ये ३२ बिट डीएलएल लोड होत नाही, विंडोज १९३ नंबरची एरर देऊन मोकळं होतं आणि त्या एररच्या मजकुरावरून कुणालाही काही कळत नाही. सोर्स हातात असेल तर ६४ बिटमध्ये पुन्हा कंपाइल करा. लोडसेलच्या कार्डाची डीएलएल बाहेरच्या विक्रेत्याची असेल आणि त्याच्याकडे ६४ बिट नसेल, तर तेवढ्यापुरती छोटी ३२ बिट एक्झी (स्वतंत्र प्रोग्रॅम) वेगळी चालवा आणि पायथनने तिच्याशी पाइपवरून किंवा लोकल सॉकेटवरून बोलावं.

खरं सांगायचं तर ३२ बिटची भानगड नसली तरी मी आधी हाच मार्ग तपासून बघते. जुना प्रोग्रॅम वेगळी प्रोसेस म्हणून चालवायचा, इनपुट द्यायचं, आउटपुट वाचायचं. लोकांना यात कमीपणा वाटतो, का ते मला कळत नाही. सी++ ची बाजू कोसळली तर तेवढीच कोसळते, ऑपरेटरसमोरची स्क्रीन जिवंत राहते. एका चाचणीला काही सेकंद लागत असतील तर प्रोसेस सुरू व्हायला लागणारे मिलिसेकंद कुणी मोजत नाही.

लायब्ररी थेट पायथनमध्येच आणायची असेल, तर दोन भाषांमधली हद्द कुठे आखायची हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. सीटाइप्समधून केलेल्या एका कॉलला साधारण मायक्रोसेकंदाच्या आगेमागे खर्च येतो. ऐकायला किरकोळ, पण त्या फंक्शनमध्ये एक बेरीजच होत असेल तर सगळा वेळ जाण्यायेण्यातच जातो. वाशीच्या एपीएमसीतून एका टेम्पोत एकच कांदा घालून ऐरोली पुलावरून ठाण्याला पाठवायचा, मग दुसरा टेम्पो, मग तिसरा, असा तो प्रकार. म्हणून एक रीडिंग घेणारं फंक्शन पायथनमधून लाखभर वेळा बोलावू नका. संपूर्ण चाचणीचा ॲरे एकदाच पलीकडे द्या, आणि ताठरपणा, कमाल बल, हिस्टेरेसिस (दाबताना आणि सोडताना येणारा फरक) असे तयार आकडे एकदाच अलीकडे घ्या. तुमच्या सी++ मध्ये असं मोठं फंक्शन नसेल तर ते सी++ मध्येच लिहा. जुन्या क्लासेसना हात न लावता त्यांच्यावर पाचसहा फंक्शनांचं पातळ आवरण घालायचं, ‘एक्स्टर्न सी’ म्हणून जाहीर करायचं. तसं जाहीर केलं नाही तर कंपाइलर फंक्शनांची नावं अशी काही वाकडी करतो की पायथनला ती सापडतच नाहीत.

त्या आवरणात काही पथ्यं पाळावी लागतात. सी++ चं एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्यावर उठणारा इशारा, हद्दीपलीकडे जाऊ द्यायचं नाही. आतच पकडायचं आणि एरर कोड परत द्यायचा, नाहीतर प्रोग्रॅम जागीच बसतो. मेमरी ज्याने घेतली त्यानेच सोडायची. विंडोजवर दोन डीएलएल वेगवेगळ्या रनटाइमवर (कंपाइलरसोबतच्या मूळ लायब्ररीवर) बनलेल्या असल्या तर दोघांचे हीप, म्हणजे मेमरीचे साठे, वेगळे असतात, आणि एकाची मेमरी दुसऱ्याने सोडली की क्रॅश लगेच होत नाही, दुपारी जेवणानंतर कधीतरी होतो. सरळ उपाय म्हणजे बफर (निकालासाठी राखलेली मेमरी) पायथनने बनवून द्यायचा, सी++ ने तो फक्त भरायचा.

सीटाइप्सचा एक सापळा तर हमखास. फंक्शन काय प्रकारचं उत्तर परत देतं ते सांगितलं नाही तर तो साधा इंट (३२ बिट पूर्णांक) धरतो. तुमचं फंक्शन पॉइंटर (मेमरीचा पत्ता) परत देत असेल तर ६४ बिट पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. कधी चालतं, कधी नाही, आणि लोक दोष देतात यूएसबी केबलला. म्हणून प्रत्येक फंक्शनचे रेसटाइप (परतीचा प्रकार) आणि आर्गटाइप्स (इनपुटचे प्रकार) लिहायचेच, कितीही कंटाळा आला तरी.

क्रॅश निदान दिसतो तरी. चुकीचा आकडा जास्त घातक, कारण तो गुपचूप रिपोर्टवर छापून जातो. नमपाय ॲरेमधून तुम्ही एक सोडून एक ओळ घेतलीत, तर नवा ॲरे बनत नाही, जुन्याच मेमरीवर मोठ्या ढांगा टाकणारी एक दृष्टी (व्ह्यू) मिळते. तिचा पॉइंटर सी ला दिला की सी बिचारं सलग वाचत सुटतं आणि तुम्ही गाळलेल्या ओळीही हिशेबात धरतं. तसंच ३२ बिट फ्लोटचा ॲरे डबल (६४ बिट) समजून वाचला तर येणाऱ्या आकड्यांना काही अर्थच नसतो. नमपायच्या एनडीपॉइंटर या सोयीत प्रकार आणि सलगपणा दोन्हींची अट घालता येते, चुकीचा ॲरे आला तर तो दारातच अडवतो. ही अट घाला.

आणि मराठी. तुमच्या रिपोर्टवर ऑपरेटरचं नाव, गावाचं नाव देवनागरीत येणार असेल तर हे नीट वाचा. पायथनच्या लेखी ‘ठाणे’ ची लांबी ४, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तेच १२ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं. ‘नवी मुंबई’ म्हणजे मधल्या जागेसह ९ चिन्हं आणि २५ बाइट. जुन्या कोडमध्ये शहराच्या नावाला २० बाइटची जागा असणार, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर इंग्रजी नावं होती. सी च्या स्ट्रएनकॉपी फंक्शनने पहिले २० बाइट उचलले की ‘नवी मुं’ चे १९ आणि ‘ब’ चा एक तुटका बाइट येतो, मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट येतच नाही. मग वाचणारं फंक्शन पुढच्या फील्डमध्ये शिरतं आणि पायथन डीकोडची एरर फेकतो. असल्या तक्रारी बहुतेक देवनागरी नावांच्याच येतात आणि ऑफिसात ‘टेस्ट’ नाव टाकून बघणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत. माझं मत विचाराल तर शक्य असेल तिथे मजकूर हद्दीपलीकडे नेऊच नका. पलीकडे आकडे पाठवा, नावं पायथनकडेच राहू द्या.

आता टूल. पाचसहा सी फंक्शनं आणि ॲरे एवढंच असेल तर सीटाइप्स पुरे. २००६ च्या २.५ आवृत्तीपासून तो पायथनसोबतच येतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि पायथनची आवृत्ती बदलली तरी डीएलएल पुन्हा बांधावी लागत नाही. सी++ चे क्लास, व्हेक्टर, एक्सेप्शन जसेच्या तसे पायथनमध्ये दिसायला हवे असतील तर पायबाइंड११. त्यात सी++ चं इनव्हॅलिड आर्ग्युमेंटचं एक्सेप्शन आपोआप पायथनचं व्हॅल्यूएरर होऊन येतं, हे फार सुखाचं आहे. फक्त पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं बिल्ड करण्याची तयारी ठेवा. पायथनमधलाच हळू चालणारा लूप वेगवान करायचा असता तर मी सायथन सुचवलं असतं. तुमचा वेगवान कोड आधीच तयार आहे, त्यामुळे ते राहू द्या.

थ्रेडबद्दल, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधल्या समांतर कामांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण चाचणी चालू असताना स्क्रीन गोठली की विचारालच. नेहमीच्या पायथनचं जीआयएल कुलूप एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देतं. सीटाइप्समधला नेहमीचा सीडीएलएल कॉल पलीकडे जाताना ते कुलूप स्वतःहून सोडतो. त्यामुळे मोजणी वेगळ्या थ्रेडमध्ये टाकली की आलेख हलत राहतो. पायबाइंड११ सोडत नाही, तिथे तुम्ही सांगावं लागतं. आणि सी++ ने पायथनचं फंक्शन उलटं बोलवावं, म्हणजे कॉलबॅक, अशी रचना असेल तर सीटाइप्सचं ते कॉलबॅक ऑब्जेक्ट एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. नाही ठेवलंत तर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी साफ करणारा भाग) ते उचलून नेतो आणि सी++ रिकाम्या जागेवर फोन लावत बसतं.

उलटी दिशाही आहे: मुख्य प्रोग्रॅम सी++ च ठेवायचा आणि त्याच्या आत स्क्रिप्टिंग भाषा बसवायची. ग्राहकागणिक पास-फेलचे नियमच बदलायचे असते तर मी म्हटलं असतं, आत लुआ बसवा. ती छोटी आहे, आणि तळोज्याला गेलेला सर्व्हिस इंजिनिअर नोटपॅडमध्ये नियम बदलून परत येऊ शकतो. पण तुम्हाला आलेख आणि रिपोर्ट हवेत. पायथनचं सामान तिथेच जास्त आहे, तेव्हा पायथन बाहेर आणि सी++ आत हेच बरं.

ग्राहकाच्या मशीनवर नेताना एक अडचण ठरलेली. डीएलएल फोल्डरमध्ये समोर दिसतेय आणि पायथन म्हणतोय सापडत नाही. बहुतेक वेळा ती डीएलएल ज्यावर अवलंबून आहे ती दुसरी सापडत नसते, बऱ्याचदा व्हिज्युअल सी++ चा रनटाइम. शिवाय ३.८ पासून विंडोजवर पायथन अशा अवलंबून डीएलएल शोधायला पाथ ही विंडोजची फोल्डरांची यादी बघत नाही, फोल्डर ॲड डीएलएल डिरेक्टरीने सांगावा लागतो.

शेवटी पडताळणी. जुन्या चाचण्यांच्या रीडिंगच्या फाइली साठवलेल्या असतीलच. त्या जुन्या प्रोग्रॅममधून आणि नव्या जोडणीतून काढा आणि निकाल शेजारी ठेवा. शेवटचे दशांश जुळले नाहीत तर लगेच घाबरू नका. ३२ बिटच्या जुन्या बिल्डमध्ये दशांशांचं गणित बहुधा प्रोसेसरच्या एक्स८७ भागात होत असे, ६४ बिटमध्ये ते एसएसई२ मधून होतं, त्यामुळे शेपटीचे अंक हलू शकतात. किती फरक चालेल ते लोडसेलच्या अचूकतेवरून आधी ठरवून कागदावर लिहा आणि साहेबांची त्यावर सही घ्या. निकाल बघून झाल्यावर मर्यादा ठरवायला बसलात तर ती हवी तेवढी ताणली जाते.