आठवी-नववीच्या मुलांसोबत स्पीच थेरपी सुरू करताना

आंबा-पोपटाची चित्रकार्डं आधी कपाटात ठेवा. चौदा वर्षांच्या मुलापुढे ती ठेवलीत तर तो पुढच्या वेळी येणारच नाही. खेळाचा तास मोडून तर कधीच बोलवू नका.

साहित्य त्याच्या दप्तरातच असतं. विज्ञानाचा चालू धडा घ्या, आठवड्याला पाच-सहाच शब्द निवडा, आणि तेही एकाच कुळातले: द्रावण, द्रावक, विद्राव्य. शब्द फोडायचा, अर्थ त्याच्याच भाषेत सांगायला लावायचा, मग चहात साखर ढवळून यातलं द्रावक कोणतं ते विचारायचं. ‘समजलं का?’ विचारलंत की मान हलतेच. त्यावर विसंबू नका. प्रश्नानंतर दहा सेकंद गप्प बसा. नव्या थेरपिस्टला नेमकं हेच जमत नाही!

तोतरेपणात ‘हळू बोल, श्वास घे’ म्हटल्याने ताण वाढतो. अडखळणारी मुलं अवघड शब्द टाळून दुसरा वापरतात, पण ठिकाणाचं नाव बदलता येत नाही. म्हणून सरावाला सिटी बस उत्तम: कंडक्टरला ‘पंचवटी कारंजा’ म्हणायचं. ‘प’ला ओठ घट्ट न दाबता हलकेच टेकवायचे. आधी तुमच्यासमोर, मग एका मित्रासोबत, मग बसमध्ये. पायरी गाळलीत आणि तिथे तो अडकला, तर टाळाटाळ आणखी पक्की होते.

वर्गशिक्षकांना एकच विनंती करा: त्याचं वाक्य कुणी पूर्ण करू नये. तोंडी परीक्षेत जास्त वेळ हवा का, हे मात्र आधी त्यालाच विचारा.