बाराच्या आत नांगर

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. मुंबई ते मालवण, सात दिवस, नऊ थांबे, शेवटच्या रविवारी रात्री कुडाळहून परतीची गाडी, आणि या सगळ्याच्या वर ठळक अक्षरांत ‘निवांत बेटसफर’ असे शीर्षक. खाली तू विचारले आहेस की वेळ पुरेल असे वाटत नाही, तर खांदेरी, पद्मदुर्ग आणि सुवर्णदुर्ग यांपैकी काय गाळू. तो प्रश्न वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण राग तुझा आला होता की पस्तीस वर्षांपूर्वीच्या माझा, हे नीट कळत नव्हते. आज लिहितो आहे.

बेटे गाळू नकोस. गाडीचे तिकीट गाळ.

हिशेब साधा आहे. मुंबई ते मालवण हे अंतर सुमारे पावणेदोनशे सागरी मैल आहे. तुमची बावीस फुटी होडी वारा असो वा इंजिन, सरासरी ताशी चार मैलांपेक्षा अधिक जाणार नाही. जाते असे तुला विकणाऱ्याने सांगितले असले तरी जाणार नाही. सात दिवसांत हे अंतर कापायचे तर रोज पंचवीस मैल, म्हणजे सव्वासहा तास केवळ चालणे, आणि त्यावर किल्ल्यावर उतरणे, स्वयंपाक, दुरुस्ती. सकाळी साडेसहाला झुंजुमुंजू होताच नांगर उचलला तरी मुक्कामी पोहोचायला एक वाजतो. आणि मी तुला जी एकच गोष्ट सांगणार आहे, ती अशी की बाराच्या आत नांगर पडलेला असला पाहिजे. या पत्रात ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तू म्हणशील, काका, जानेवारीतला खरा वारा तर दुपारीच मिळतो. बरोबर आहे. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, समुद्र ताटात दूध ओतल्यासारखा सपाट असतो, आणि दक्षिणेकडे जाणारी होडी डाव्या अंगाने वारा घेत किनाऱ्याला समांतर सुखाने चालते. दहा-अकराच्या सुमारास हा वारा पडतो, शीड लोंबते, चिडचिड होते. मग बारा-एकनंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत चढत जातो. तो पाठीमागून येतो, होडी पळू लागते, तरुण माणसाला वाटते की हेच तर हवे होते. खुल्या समुद्रात असशील तोवर ते खरेही आहे. परंतु रात्री कुठे तरी आत शिरायचे असते, आणि आपल्या किनाऱ्यावर आत शिरणे म्हणजे बहुतेक वेळा नदीच्या मुखात शिरणे. मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, त्यामुळे डेहराडूनच्या जलआलेखन कार्यालयाचा नकाशा जवळ असलाच पाहिजे, पण दांड्याच्या बाबतीत गेल्या आठवड्यात तेथून बाहेर पडलेल्या तांडेलाचा, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याचा, शब्द त्याहून मोठा. दुपारच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आत येत असतात; त्याच वेळी ओहोटी लागली असेल तर खाडीचे पाणी बाहेर धावत असते. दोन्ही समोरासमोर भिडले की लाट आखूड होते, उभी राहते आणि दांड्यावर फुटते. बाहेरून, म्हणजे लाटांच्या पाठीकडून, पाहणाऱ्याला ती फुटताना दिसतही नाही. ती दिसते तेव्हा आपण तिच्यावर असतो.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माघातली पौर्णिमा होऊन एक दिवस झाला होता. मी आणि माझा मित्र राजपुरीहून हर्णैला निघालो होतो, कारण माझ्या तक्त्यातही त्या दिवशी हर्णै लिहिलेले होते आणि सोमवारी मला कचेरीत हजर व्हायचे होते. राजपुरी ते हर्णै तीस मैल आहेत. तुझ्याही तक्त्यात हा टप्पा एका दिवसाचाच आहे आणि पुढे ‘सायंकाळी सुवर्णदुर्ग पाहणे’ असे लिहिले आहे, ते वाचून मला हसूही आले नाही. वारा पडला, इंजिनाने दगा दिला, आणि दुपारी साडेचारला आम्ही बाणकोटच्या समोर होतो. मित्र म्हणाला की बाहेरच राहू, पाण्यावर रात्र काढू, सकाळच्या भरतीला आत जाऊ. मी म्हणालो की अंधारात जाळ्यांत अडकू, त्यापेक्षा आत्ताच सावित्री नदीच्या मुखात शिरू, रात्रीत इंजिन दुरुस्त करू, उद्या हर्णै गाठू. सुकाणू माझ्या हातात होते. तिसऱ्या लाटेने आम्हाला दांड्यावर आपटले, सुकाणूचे पाते उखडले गेले, आणि त्याची मूठ धरायला पुढे झालेल्या मित्राचा हात मूठ आणि होडीची कड यांच्यामध्ये सापडला. त्याची दोन बोटे गेली. समोरच्या गावातल्या कोळ्यांनी आम्हाला ओढून काढले आणि पैसे घेतले नाहीत. मित्राने मला कधीही एका शब्दाने दोष दिला नाही, आणि माझ्याबरोबर पुन्हा होडीत पायही ठेवला नाही. आम्ही दोघांनी वेंगुर्ल्याच्या समोरचे जळके बेट आणि त्यावरचे दीपगृह पाहायचे ठरवले होते. ते मी पुढे एकट्याने पाहिले. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

तर बाराच्या आत नांगर. आता यातली खोच समजून घे, कारण नुसते लवकर उठून भागत नाही. आठ-साडेआठला पूर्वेकडे तोंड करून शिरताना ऊन थेट डोळ्यांत येते आणि पाण्याखालचा खडक समजत नाही. म्हणून मुखाशी पोहोचण्याची वेळ दहा ते बारा. त्या वेळी पाणी चढते असले पाहिजे. यासाठी कोळी करतात तो हिशेब कर: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, की मुंबईकडची भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दक्षिणेला जावे तशी भरती थोडी आधी येते, तेवढे वजा धरावे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहावे. याचा अर्थ असा की प्रतिपदेपासून पंचमीपर्यंतच्या दिवसांत दहा ते बारा या वेळात पाणी चढते मिळते, आणि तेच दिवस दांड्यांच्या खाड्यांसाठी वापरायचे. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ जोरदार असते हे खरे. म्हणूनच तर बारानंतर, म्हणजे ओहोटी आणि खारा वारा एकदम सुरू झाल्यावर, बाहेर असायचे नाही. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, भर दुपारी पाणी ओसरलेले असते. ते दिवस जयगड किंवा विजयदुर्गासारख्या खोल बंदरात घालवावेत, जेथे दांड्याची धास्ती नाही. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मालवणला ती निम्म्यावर येते, हेही लक्षात ठेव. अलिबागकडे नांगराला जेवढा दोर सोडशील तेवढा पुढे लागणार नाही, पण कमी सोडण्याची सवय मात्र लावून घेऊ नकोस.

एवढे मान्य केलेस की तक्ता आपोआप बदलतो. त्रयोदशीला निघ आणि पहिल्या दिवशी फक्त मांडव्यापर्यंत जा. हसू नकोस. पहिल्या दिवशी काही ना काही विसरलेले असते आणि ते आणायला मुंबई जवळ असावी. शिवाय हेच पाणी आहे जेथे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. गटारीसाठी घरी निघालेले त्यांत पुष्कळ होते. आषाढातला समुद्र आणि जानेवारीतला समुद्र यांची तुलना होत नाही हे मला कळते. तरीही तेथून जाताना घाईचा विचार मनात येऊन जावा.

दुसऱ्या दिवशी साडेसात-आठला खांदेरी. महाराजांनी १६७९ मध्ये हे बेट बांधायला घेतले तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबते पाठवून ते थांबवण्याचा आटोकाट प्रयत्न केला, आणि लहान, उथळ बुडाच्या मराठी होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून सामान पोहोचवत राहिल्या. जड गलबत वाऱ्याची वाट पाहत उभे असताना वल्ह्यांची होडी निघून जाते, हा धडा तुमच्या बावीस फुटांना उपयोगी आहे. तेथे वेताळाचे देऊळ आहे, गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत, ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा एक खडक आहे, १८६७ चे दीपगृह आहे. तुला हे गाळायचे होते! नऊला तेथून निघालीस तर साडेअकराला रेवदंडा येते आणि कोर्लईच्या डोंगराच्या आडोशाला दुपार तुझी असते. ‘निवांत’ या शब्दाचा अर्थ दुपार मोकळी असणे हा आहे, हे मला चाळिशीनंतर कळले.

राजपुरीला दोन रात्री राहा. जंजिऱ्याला स्वतःची होडी घेऊन जाऊ नकोस, तेथल्या शिडाच्या होडीतून जा; धक्क्याशी ती माणसे ज्या सहजतेने होडी लावतात ते पाहण्यासाठी तरी जा. पद्मदुर्ग सकाळच्या शांत पाण्यातच जमतो आणि त्या दिवशी आणखी काही जमत नाही. त्यानंतर बाणकोट, वीस मैल. आत शिरण्याआधी वेळासच्या बाजूला थांबून बाहेर पडणाऱ्या एखाद्या होडीला हाक मारून वाट विचार. विचारण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी हर्णै, केवळ दहा मैल, साडेनऊला तू सुवर्णदुर्गासमोर असशील. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे किनाऱ्यावरचे तीन किल्ले या एका जलदुर्गाच्या राखणीला उभे आहेत, आणि तरी १७५५ मध्ये तो पेशव्यांच्या संगनमताने इंग्रजांनी आंग्र्यांकडून घेतला, या विषयावर मी एक संपूर्ण पत्र लिहू शकतो. ते आज नको. वारा बिघडला तर हर्णैच्या उघड्या बंदरात हट्टाने बसू नकोस, तेथल्या होड्या पावसाळ्याआधी आंजर्ल्याच्या खाडीत जातात ते उगीच नाही.

येथे सहा दिवस झालेले असतील. तुझ्या सुट्टीत एवढेच बसत असेल तर होडी तेथे विश्वासाच्या माणसाकडे ठेव आणि दापोलीहून एसटीने घरी जा. उरलेले दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण पुढच्या वर्षी. मालवण तर मुळीच घाईने जायचे ठिकाण नव्हे. सिंधुदुर्गाभोवतीचे खडक हीच त्याची पहिली तटबंदी आहे, आणि तेथे स्थानिक माणूस नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा केल्याशिवाय कोणी आत जाऊ नये, बाराच्या आतही नाही.

मला ठाऊक आहे की मित्रांमध्ये तुझी थट्टा होईल. माझी आजही होते. एका वैशाखात जयगडला वारा चढलेला होता म्हणून मी दोन दिवस तसाच बसून राहिलो आणि भाच्याची मुंज चुकवली. बहीण अजूनही पंगतीत तो विषय काढते. मी मोटारीने जाऊ शकलो असतो, असे तिचे म्हणणे आहे. परंतु ओळखीपाळखीच्या नसलेल्या बंदरात होडी नांगरावर सोडून मी कसा जाणार होतो? दोन दिवसांत दोनदा नांगर ओढला गेला आणि दोनदा मी तो पुन्हा टाकला. मी नसतो तर होडी खडकावर असती. हे मी तिला बारा वर्षे सांगतो आहे. तुला सांगायचे कारण नव्हते, पण लिहिता लिहिता आले, तर राहू दे.

बाकीचे तू जाणतेस: जाकिटे अंगात, पेटीत नव्हेत, व्हीएचएफ रेडिओ १६ व्या वाहिनीवर, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ होडीत रंगवून ठेव, इन्कॉईस या सागरी माहिती केंद्राच्या लाटांच्या सूचना रोज रात्री पाहा, सागरी मंडळाची आणि बंदरातली कागदपत्रे प्लास्टिकमध्ये. रात्री चालू नकोस. जाळ्याची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतली की ती कापायला अंधारात पाण्यात उतरावे लागते, आणि ते काम तुमच्यापैकी कोणी केलेले नाही.

नवा तक्ता पाठव. त्यात तारखा नकोत, तिथी असाव्यात, आणि प्रत्येक टप्प्यापुढे नांगर पडण्याची वेळ. एकाही ठिकाणी बारा वाजून पाच मिनिटे दिसली तर मी परत पाठवीन.

या पत्राबरोबर एक दोरी पाठवतो आहे. तिच्या टोकाला शिसे आहे आणि वावेगणिक, म्हणजे दर सहा फुटांवर, गाठ आहे. तुमच्याकडे खोली दाखवणारे यंत्र आहे हे मला ठाऊक आहे. यंत्र बंद पडते. दुसऱ्या गाठीला जी लाल चिंधी आहे ती माझ्या मित्राने त्या अपघातानंतर उरलेल्या तीन बोटांनी बांधून मला दिली होती. मुखाशी शिसे टाकल्यावर ती चिंधी पाण्याखाली गेली नाही, तर होडी वळवून बाहेर निघ.